तळहातावर काय म्हणालीस

सुनंदा,

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मनवा बंगळुरूला परत गेली, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. कालपर्यंत घरात मी आणि तुझा रेडिओ होतो. सकाळी चहाच्या वेळेला त्याच्यावर तुझी हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, अजून जमायची. कुणी विरारहून, कुणी पालघरहून, कुणी पार डहाणूहून. एकेकाला हाक मारली जायची, तो आपली हजेरी द्यायचा, हवा कशी आहे ते सांगायचा. तुझी पाळी आली की तुझी ओळखीची अक्षरं घ्यायचे आणि पुढे जायचे. मला सगळं ऐकू यायचं. म्हणजे उजव्या कानाने ऐकू यायचं. डावा वालीवच्या कारखान्यात पॉवर प्रेसच्या धडधडीत कधीच गेला. पण मी माईकला हात लावला नाही. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याने बटण दाबायचं नाही, हे तू मला लग्नाच्या बायकोच्या नव्हे, हवालदाराच्या आवाजात सांगितलं होतंस.

मला त्यांना सांगायचंही काही नव्हतं. एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती त्यांच्यापैकी कुणाला माहीत असणार नाही. अतिदक्षता विभागात, शेवटच्या भेटीत, तू माझ्या तळहातावर बोटाने काय म्हणालीस?

मनवा सारखी तेच विचारत होती. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता, तिला तू शुद्धीत दिसलीच नाहीस. "बाबा, आई काही बोलली का? काहीतरी बोलली असेल ना?" स्वयंपाकघरात विचारलं, स्मशानातून आल्यावर विचारलं, विमानतळावर जाताना टॅक्सीत विचारलं. मी म्हणायचो, "तोंडावर मास्क होता गं, बोलणार कशी?" पण तुझं बोट हललं होतं, हे मी तिला सांगितलं. ते सांगायला नको होतं बहुतेक. त्यानंतर तिचा प्रश्न बदलला. "मग बोटाने काय म्हणाली?"

तुला आठवतं का, ही हातावर लिहिण्याची भानगड कशी सुरू झाली? तू शाळेत विज्ञान शिकवायचीस, फिलामेंट आणि लंबक यांत सुखी होतीस. मग तो पूर आला, नालासोपाऱ्यापासून इथवर सगळं पाण्यात, फोन मुके, वीज गायब. तुमच्या शाळेत लोकांना आणून ठेवलं होतं. तिथे भुईगावचे पास्कल अंकल एका बाकावर गाडीची बॅटरी आणि छोटा सेट मांडून बसले होते आणि कुठल्या कुठे निरोप पोचवत होते. जन्मभर जहाजावर रेडिओ ऑफिसर होते ते, निवृत्त होऊन केळीची वाडी सांभाळत होते. तू दिवसभर त्यांच्या शेजारी उभी राहिलीस आणि घरी येऊन म्हणालीस, "अहो, मला हे शिकायचंय." मला वाटलं, पाणी ओसरलं की हेही ओसरेल.

तू रेडिओच्या लायसन्सची वरच्या वर्गाची परीक्षा दिलीस, मोर्सच्या सांकेतिक लिपीसकट. रविवारी भुईगावला जायचीस, अंकलच्या ओटीवर बसून डिट-डा, डिट-डा करायचीस, आणि येताना आंटीने वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी आणायचीस. मला सुकेळ्यांत रस होता. तुला वाटायचं मीही परीक्षा द्यावी. मी म्हणायचो, माझ्या कानाला शिट्टी आणि भोंगा एकच वाटतो, मी कुठलं मोर्स ऐकणार? तेव्हा तू माझा हात ओढून घेतलास. "कानाने नको, हाताने ऐका. टिचकी म्हणजे डिट. बोट दाबून धरलं की डा."

मग रोज संध्याकाळी चहाआधी माझ्या तळहातावर शिकवणी. तू एक शब्द द्यायचीस, मी ओळखायचा. मी बरोबर ओळखायचो. "चहा." बरोबर. "चहा." पुन्हा बरोबर. तू खूश, मनवाला फोन करून सांगितलंस की बाबांना येतंय. मग एका संध्याकाळी आधण ठेवलेलं असताना तू काहीतरी दिलंस आणि मी ठसक्यात म्हणालो, "चहा." तू माझ्याकडे बघत राहिलीस. "मी भात म्हटलं होतं." आधण बघून मी उत्तर देत होतो, अक्षरं एकही येत नव्हती. तू किती हसलीस. नंतर एवढंच म्हणालीस की अंदाजाने घेण्यापेक्षा नाही आलं म्हणावं. तेव्हापासून तू शिकवणी सोडलीस, पण बोट फिरवायची सवय गेली नाही. टीव्ही बघताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर तू माझ्या हातावर काहीबाही म्हणत राहायचीस आणि मी "हो हो" म्हणायचो. मला ते बरं वाटायचं. काय म्हणतेस ते कळायची कधी गरजच पडली नाही.

आपलं खरं भांडण झालं ते तावडेंवरून. सोसायटीचे सेक्रेटरी तावडे. त्यांनी तुझ्या अँटेनाविरुद्ध काय कमी खटाटोप केला? तिच्यामुळे वीज पडेल, तिच्यामुळे टीव्हीवर मुंग्या येतात, तिच्यामुळे त्यांच्या मिसेसचं डोकं दुखतं. एकदा तर अँटेना बंद असताना त्यांचं बीपी वाढलं तेव्हा तू त्यांना विचारलंस, "भाऊ, आता कुणाचं नाव घेऊ?" आणि नंतरच्या पावसात, पुन्हा सगळं ठप्प झालं तेव्हा, तेच तावडे छत्री गळत असताना आपल्या दारात उभे. त्यांचे वडील नालासोपाऱ्याला तळमजल्यावर एकटे राहायचे.

तू सेट लावलास. तिकडे कळंबच्या बाजूला तुमचा एक जण कोळीवाड्यातल्या बायकांचे निरोप घेत होता, त्याच्या पाठीमागून एक बाई ओरडत होती, "ताय, माझ्या घरवाल्याला सांग, घरात पानी नाय, पोरं वरती हायत, तू येऊ नको." ते तू शब्द न शब्द उतरवून पुढे दिलंस, "येऊ नको"सुद्धा. मग तावडेंच्या वडिलांचं विचारलंस. उत्तर आलं ते फाटकं आलं. खरखर, मध्येच "शाळेत", पुन्हा खरखर, संपलं. तू दोनदा विचारलंस, समोरचा आवाज गेला.

तावडेंनी विचारलं, "वहिनी, बरे आहेत ना?"

तू म्हणालीस, "शाळेत आहेत, एवढं आलं. बरे आहेत का ते आलं नाही."

तो माणूस माझ्या सोफ्यावर मटकन बसला. मी तुला आत बोलावून म्हणालो, बरे आहेत म्हणाली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं? शाळेत नेलंय म्हणजे बरेच असणार. तू म्हणालीस, "असतील. पण ते मला कुणी सांगितलेलं नाही." मी म्हणालो, तू दगड आहेस. तू दुसऱ्या खोलीत जाऊन बसलीस. संध्याकाळपर्यंत कळलं, म्हातारे ठीक होते, शाळेत खिचडी खात होते. मी तुला दोन दिवस टोमणे मारले. तू म्हणालीस, ठीक निघाले म्हणून तुम्हाला बोलता येतंय. मी म्हणालो, माणसाला धीर द्यायला नको? भांडण तसंच राहिलं. पुढेही केव्हातरी निघायचं. तू म्हणायचीस निरोपात आपलं काही घालायचं नसतं, मी म्हणायचो निरोप माणसासाठी असतो. आपण दोघांनीही माघार घेतली नाही. मला आता वाटतं, हे भांडण मिटवून ठेवायला हवं होतं, पण ते कसं मिटलं असतं ते मात्र सुचत नाही.

मग तुझी फुफ्फुसं आटायला लागली. डॉक्टर त्याला जाडजूड नाव द्यायचे. तू चार जिने चढून गच्चीवर अँटेना बघायला जायचीस ती आधी एका मजल्यावर थांबायला लागलीस, मग प्रत्येक मजल्यावर, मग गेलीच नाहीस. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी नाकात घालून तू सकाळी हजेरी द्यायचीस आणि कुणी तब्येत विचारली की म्हणायचीस, "आवाज पाच, बाकी बघू." तुमच्यात चांगल्या आवाजाला पाच म्हणतात. शेवटी शेवटी तुझा आवाज पाच नव्हता. सगळ्यांना ते ऐकू येत होतं, पण कुणी तुला कमी आकडा दिला नाही. अशा एका सकाळी ते ऐकवेना म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

आता ती भेट. मी ती पुन्हा पुन्हा मांडतोय, तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दुपारची वेळ, आत एकाच माणसाला सोडतात. तुझ्या तोंडावर घट्ट मास्क, त्याच्या पट्ट्यांनी गालावर वळ उठलेले. नर्सने आधी तुला कागद-पेन दिलं होतं, पण उजव्या हाताला सुया, तो सुजलेला, पेन धरवेना. कागदावर नुसत्या रेघा. मी डाव्या बाजूला स्टुलावर बसलो आणि तुझा हात घेतला. तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस, हे मी शपथेवर सांगेन. मग तू माझा हात उलटा केलास. म्हणजे मला वाटतं तू केलास, की मीच केला? आणि तुझं बोट माझ्या तळव्यावर हललं. टिचक्या, मग दाब. थांबलीस. पुन्हा.

मी म्हणालो, "हो हो."

जन्मभर जे म्हणत आलो तेच म्हणालो गं. तू माझ्याकडे बघत होतीस. मी "हो हो" म्हटल्यावर तू डोळे मिटलेस. तुझं समाधान झालं की तू माझा नाद सोडलास, हे मला कळत नाही. सिस्टरने वेळ संपली म्हणून उठवलं. संध्याकाळी तू बेशुद्ध होतीस आणि नंतर उठलीच नाहीस.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना विचारलं. तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, "काका, रक्तात कार्बन डायॉक्साइड वाढला की हातबोटं अशी फडफडतात. त्यात अर्थ शोधू नका." मी त्याला सांगायला लागलो की ती हॅम होती, तिला मोर्स यायचं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या नातेवाइकांकडे वळला. त्याचंही बरोबर असेल. तू काहीच म्हणाली नसशील. नुसतं विषारी रक्त बोटापर्यंत पोचलं असेल.

तुझ्या दहाव्यानंतर मी मोबाइलवर मोर्सची अक्षरं काढून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मन लावून अभ्यास केला. आणि काय झालं सांगतो. मी 'मनू'ची, म्हणजे तू मनवाला मारायचीस त्या हाकेची, अक्षरं बघितली की माझ्या तळव्याला आठवायचं, होय, हेच होतं. 'घरी' बघितलं की तेही जुळायचं. पाणी, दुखतंय, जाते, सगळं जुळायचं. आधी मला पक्कं आठवत होतं की सुरुवातीला दोन टिचक्या होत्या. मग तीन झाल्या. मग मला सुरुवात कुठे झाली हेच आठवेना. जेवढं शिकत गेलो तेवढं तुझं बोट पुसत गेलं. काहीच शिकलो नसतो तर निदान ते जसं होतं तसं हातावर राहिलं असतं. मी मोबाइल बंद करून टाकला आणि देवाला, तुला, त्या डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या दिल्या.

परवा तावडे आले. डब्यात मिसेसने केलेली भाजी-पोळी. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "विलासराव, गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलंय. ती अँटेना... म्हणजे आता तुम्ही वापरत नसाल तर." मला राग यायला हवा होता. मी म्हणालो, काढा. ते दारापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, "घाई नाही हं." तुला या माणसाची दया आली असती, मला आपली माझीच आली.

सेट तरी कुणाकडे द्यायचा? बिनलायसन्सच्या घरात ठेवायचा नाही, हेही तुझंच. म्हणून काल मी तो चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि रिक्षाने भुईगावला गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षावाला वैतागला. शेवटचा भाग मी चालत गेलो. अंकल वाडीतून आले, हात धुतले, सेट माझ्या हातातून घेतला. थकलेत खूप. म्हणाले, "तिच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा ठेवलीय रविवारी, प्रार्थना. येशील का?" मी येतो म्हणालो. आंटीने चहा दिला. घरच्या बोलीत ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली, मला एवढंच कळलं की मी वाळलोय.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटची भेट, बोट, डॉक्टर काय म्हणाला ते. आणि म्हणालो, "अंकल, मला जसं आठवतंय तसं मी तुमच्या हातावर करून दाखवतो. तुम्ही वाचा. मोर्स नसेल तर नाही म्हणा, चालेल मला." खरंच चालणार होतं. मनवाला सांगायला काहीतरी पक्कं हवं होतं, मग ते 'काही नव्हतं' असलं तरी.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि हात पुढे केला. केवढा खरखरीत हात. मी डोळे मिटून तुझं बोट आठवलं आणि केलं. टिचक्या, दाब, थांबणं, पुन्हा. फार वेळ लागला नाही. डोळे उघडले तर अंकल माझ्याकडे बघत नव्हते, अंगणाकडे बघत होते.

लगेच म्हणाले, "'घाबरू नका. मनूला जपा.' असं म्हणाली ती."

आंटीने कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती रडायला लागली. मीही रडलो. अंकलनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. "स्वच्छ होतं, विलास. तिचा हात नेहमी स्वच्छ असायचा."

मी रिक्षाच्या नाक्यापर्यंत आलो तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनंदा, तूच सांगायचीस, अंकल कुणाचाही निरोप एकदा ऐकून घेत नाहीत. जहाजावरची सवय. कितीही स्पष्ट आलं तरी "परत" म्हणणारच, आणि दोनदा सारखं आलं तरच लिहिणार. तुला शिकवताना त्या "परत"ने तू रडकुंडीला यायचीस. काल त्यांनी मला एकदाही "परत" म्हटलं नाही. आणि एवढ्याशा टिचक्यांत तेवढी अक्षरं मावतच नाहीत, एवढं तर आता मलाही कळतं. जन्मभर ज्या माणसाने एक अक्षर स्वतःच्या मनाचं घातलं नाही, त्याने माझ्यासाठी अख्खा निरोप घातला. माझी अवस्था बघून घातला. मी त्या नाक्यावर उभा राहिलो, रिक्षा येत होत्या, जात होत्या, आणि मला वाटलं परत जावं, त्यांच्या ओटीवर उभं राहून विचारावं, खरं सांगा, मोर्स होतं की नव्हतं? पण त्यांनी आता ते सांगितलं नसतं. आणि सांगितलं असतं तरी मी त्यांना जे करून दाखवलं ते तरी तुझं होतं का?

आंटीने सुकेळी दिली होती. ती पिशवी तशीच स्वयंपाकघरात आहे.

आल्याबरोबर मनवाचा फोन. "बाबा, गेला होतात का अंकलकडे? काय म्हणाले?" मी गॅलरीत उभा होतो. मला माहीत होतं तू काय सांगितलं असतंस. 'बोट हललं, एवढं आलं. बाकी आलं नाही.' हेच वाक्य माझ्या तोंडात होतं. तिकडे ती श्वास धरून बसली होती, मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "घाबरू नका, मनूला जपा, असं म्हणाली."

ती रडली. खूप वेळ, लहानपणी रडायची तशी, मध्ये मध्ये हुंदके देत. मग म्हणाली, "म्हणजे तिला सगळं कळत होतं, बाबा. माझं नाव घेतलं तिने." मी हो म्हणालो. ती म्हणाली आता झोप लागेल, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. जेवून घ्या म्हणाली.

तुझ्या-माझ्या भांडणात मी जिंकलो असं तू समजू नकोस. मनवाला आज बरं वाटतंय, उद्याही वाटेल, ती हे वाक्य तिच्या मुलांना सांगेल आणि तुझं शेवटचं बोलणं म्हणून तेच राहील. मी ते कधी खोडणार नाही. पण ते तू म्हणाली नाहीस. तू खरंच जे काही म्हणाली असशील, पाणी मागितलं असशील, दुखतंय म्हणाली असशील, मास्क काढा म्हणून गयावया केली असशील, त्यावर आता हे वाक्य बसलं, आणि ते बसवायला मी हात लावला. तुला तहान लागली होती का गं? मी उठून पाणी मागायचं होतं आणि मी "हो हो" करत बसलो, असं झालं का? हे मी कुणाला विचारू? ज्याला वाचता येतं त्याने दयेने खोटं वाचलं, ज्याच्या हातावर लिहिलं त्याला अक्षर येत नाही, आणि लिहिणारी तू गेलीस.

आज सकाळी चहाच्या वेळेला सवयीने टेबलापाशी जाऊन बसलो. तिथे आता सेट नाही, त्याच्या जागी न पुसलेला धुळीचा चौकोन आहे. मी तळहात उघडा ठेवून बसून होतो, सुनंदा. काही आठवलं नाही.